नांदायला ये, नाहीतर तुरुंगात जा

लग्नपत्रिकेवर, अक्षता टाकताना, पाठवणीच्या वेळी डोळे पुसत आपण एकच आशीर्वाद देतो: नांदा सौख्यभरे. ‘नांदणे’ या क्रियापदात मराठी माणसाची फार माया साठलेली आहे. घर नांदते, गोकुळ नांदते, गावात सुख नांदते. हेच क्रियापद आणखी एका जागी रोज कानावर पडते. जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास बाकावर जाऊन बसा. “तिनं पोटगीचा अर्ज टाकला, म्हणून त्यानं नांदायला येण्याचा दावा टाकला,” हे वाक्य ऐकायला फार वेळ थांबावे लागणार नाही. वकील मंडळी त्या दाव्याला नुसते ‘सेक्शन नाइन’ म्हणतात. कायद्याच्या पुस्तकातले त्याचे नाव आहे वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. नवरा किंवा बायको योग्य कारण नसताना जोडीदारापासून वेगळी राहत असेल, तर दुसऱ्याने न्यायालयात जावे आणि न्यायालयाने तिला किंवा त्याला परत नांदायला जाण्याचा हुकूम द्यावा, असे हे कलम सांगते.

या कलमाबद्दल कुणालाही विचारा. उत्तर बहुधा एकच येते: मुलीने सासरी नांदावे हा आपला धर्म, म्हणून तो कायद्यात आला. धर्म आणि कायदा यांचे नाते आपण असेच सरळ रेषेत पाहतो. आधी श्रद्धा, मग रीत, मग कायदा. या कलमाची जन्मकथा मात्र त्या रेषेत बसत नाही, आणि म्हणूनच ती नीट सांगायला हवी असे मला वाटते. बायकोने नवऱ्याजवळ राहावे असा उपदेश आपल्या शास्त्रग्रंथांत हवा तेवढा आहे. पण न राहणाऱ्या बायकोवर दिवाणी दावा लावून तिला आणावे आणि आली नाही तर कैदेत टाकावे, ही तरतूद धर्मशास्त्रातली नाही. जातीजातींच्या रिवाजातलीही नाही. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आपल्याकडे आली.

मध्ययुगापासून इंग्लंडात लग्नाचे खटले राजाच्या न्यायालयात चालत नसत, ते चर्चच्या न्यायालयात चालत. विवाहाने दोन देह एक होतात आणि देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, ही ख्रिस्ती श्रद्धा. लग्न मोडणे जवळजवळ अशक्य. मग एकजण घर सोडून गेला तर चर्चच्या हाती एकच उपाय उरत असे: परत जा म्हणून हुकूम करणे. हुकूम मोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करत. १८१३ मध्ये संसदेने या बहिष्काराऐवजी कैदेची शिक्षा ठेवली. १८५७ मध्ये लग्नाचे खटले चर्चकडून काढून दिवाणी न्यायालयाकडे दिले, पण हा उपाय तसाच पुढे चालत राहिला. चर्च बाजूला झाले आणि त्याची श्रद्धा कायद्याच्या भाषेत राहिली. धर्माचा कायद्यावरचा प्रभाव बहुतेक वेळा असाच असतो: देवाचे नाव पुसले जाते, कलम उरते, आणि दोन पिढ्यांनंतर ते कुठून आले हे कुणाला आठवत नाही.

हिंदुस्थानात हा उपाय वेगवेगळ्या वाटांनी शिरला. मुंबईत एका पारशी बाईने नवऱ्याविरुद्ध असा दावा लावला होता. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि चर्चच्या न्यायालयाचे अधिकार पारशांना लावता येत नाहीत, असे कौन्सिलने १८५६ मध्ये सांगितले. पण त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, १८६७ मध्ये, बंगालमधल्या एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात त्याच कौन्सिलने नवऱ्याला असा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो असे ठरवले. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूम न पाळणाऱ्यासाठी मालमत्तेची जप्ती किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली गेली. ख्रिस्ती विवाहाच्या कल्पनेतून जन्मलेली शिक्षा आता हिंदू, मुसलमान, पारशी, सर्वांच्या दारात उभी होती.

आणि १८८४ मध्ये ती मुंबईत एका सुताराच्या मुलीच्या दारात आली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी दुसरे लग्न केले, कारण सुतार समाजात विधवेला पाट लावण्याची मोकळीक होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. दादाजी मामाकडे राहत होते, शिक्षण सुटलेले, प्रकृती ढासळलेली, डोक्यावर कर्ज. वडिलांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर होती, हेही या गोष्टीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वयात आल्या आणि त्यांनी सांगितले, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांचा दावा लावला.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालाचे दोन भाग वेगळे काढून पाहावेत. एक भाग कायद्याचा: हा उपाय इंग्लंडचा आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, आणि जे कधी सुरूच झाले नाही त्याचे पुनःस्थापन कसले करायचे? दुसरा भाग माणसाचा: अजाण वयात, तिच्या मनाचा विचार न घेता लग्न लावलेल्या मुलीला इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या हवाली करणे क्रूरपणाचे आहे, आणि कायद्याने भाग पाडल्याशिवाय मी ते करणार नाही. न्यायाधीशाची वैयक्तिक नीतिश्रद्धा निकालात उघडपणे लिहिली गेली. मला पिन्हे यांच्याबद्दल आदर आहे. पण याच दाराने उद्या दुसऱ्या न्यायाधीशाची वेगळी श्रद्धाही आत येऊ शकते, हे पाहायला फार दिवस लागले नाहीत.

निकालाने महाराष्ट्र ढवळून निघाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी पिन्हे यांच्यावर कडक टीका केली: या साहेबाला हिंदू विवाहाचा आत्माच कळला नाही, लग्न हा आमच्याकडे संस्कार आहे, करार नव्हे, मुलीची संमती हा प्रश्नच नाही. दुसरीकडे बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध १८८४ पासून मोहीम उघडली होती. हा पारशी गृहस्थ हिंदूंच्या घरात का डोकावतो, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत ऐकावा लागला. ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये दोन पत्रे आली. बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाचे काय होते आणि विधवेच्या वाट्याला काय येते, हे त्यांत आतून सांगितले होते. लिहिणारी होती रखमाबाई.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला. हिंदू कायद्यात विधी पूर्ण झाला की लग्न पूर्ण झाले, तेव्हा दोघे एकत्र राहिले की नाही याने फरक पडत नाही, असा त्यांचा आधार होता. इथे काय घडले ते पाहा. लग्न केव्हा पूर्ण होते, हे हिंदू धर्मशास्त्रावरून ठरले. ते न पाळल्यास काय करायचे, हे चर्चच्या परंपरेवरून. धर्मशास्त्रातला संस्कार आणि चर्चची सक्ती यांची अशी गाठ मारली गेली, की एका बाईला दोन्ही धर्मांचे ओझे एकदम उचलावे लागले आणि दोन्हींपैकी एकाचीही सवलत मिळाली नाही. कारण ज्या इंग्लंडातून ही सक्ती आली, त्या इंग्लंडने कैदेची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती. ज्या वर्षी मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला, त्याच वर्षी.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी उत्तर दिले की त्या तुरुंगात जातील, पण त्या घरी जाणार नाहीत.

या ठिकाणी थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या ‘हिंदू कायद्या’चा खरा घडणकाळ इथेच दिसतो. ज्या सुतार समाजात रखमाबाई जन्मल्या, तिथे बाईला दुसरे घर करता येत असे. त्यांच्या आईने ते केले होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड होता, पाट होता, पंचांपुढे बसून हिशेब मिटवण्याची रीत होती. त्या रिवाजात बाईवर अन्याय नव्हता असे मी म्हणणार नाही. पंच पुरुषच असत आणि दंडही घेत. पण बाहेर पडायला दार होते. कंपनीच्या काळात, १७७२ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने ठरवले होते की लग्न, वारसा आणि धर्माच्या बाबतीत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. शास्त्र म्हणजे संस्कृत पोथ्या, आणि पोथ्या सांगणार पंडित. १८६४ मध्ये न्यायालयांतले पंडितही बंद झाले आणि इंग्रज न्यायाधीश इंग्रजी भाषांतरांवरून ‘हिंदू धर्म’ ठरवू लागले. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संभू रघू याच्या खटल्यात सांगून टाकले की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पोथीत होते ते धर्म झाले, आणि बहुसंख्य लोक प्रत्यक्षात पाळत होते तो रिवाज कच्चा ठरला. त्यामुळे पुढे ‘हिंदू धर्म धोक्यात’ अशी हाक उठली, तेव्हा ती मूठभर वरच्या जातींच्या चालीरीतींसाठी होती. ज्या मुलीवर खटला चालू होता, तिच्या स्वतःच्या जातीत वेगळी रीत असल्याचे कुणाला सांगावेसे वाटले नाही.

हीच गोष्ट आपल्या शेजारी गोव्यातही घडत होती. पोर्तुगीज सरकारने १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची सनद काढली. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशी उलटेपर्यंत मुलगा झाला नाही, तर ठराविक अटींवर हिंदू नवऱ्याला दुसरी बायको करण्याची मुभा त्या सनदेत होती. ‘मुलगा हवा’ ही श्रद्धा कायद्याच्या कलमात वर्षांच्या आकड्यासह बसली. गोव्यातल्या समान नागरी कायद्याचे गोडवे गाताना ही ओळ सहसा वाचून दाखवली जात नाही.

रखमाबाईंकडे परत येऊ. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून त्यांचे लग्न रद्द केले, अशी कथा इंटरनेटवर आणि भाषणांत वारंवार सांगितली जाते. ती सुखावणारी आहे, पण तसे घडले नाही. जुलै १८८८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. कुठल्याही न्यायाधीशाने, कुठल्याही राणीने त्यांना मोकळे केले नाही. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ बायकांचे बाळंतपण केले. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा या बाईने विधवेचा वेष धारण केला. ज्या लग्नाला त्यांनी आयुष्यभर लग्न मानले नाही, त्याच्या नावाने पांढरे लुगडे का नेसावे? मी या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वतीने देणार नाही. कायद्याशी एकाकी लढलेल्या माणसाच्या मनातही समाजाची श्रद्धा कुठवर घर करून असते, एवढेच ते लुगडे मला सांगते.

रखमाबाई इंग्लंडात असतानाच इकडे दुसरे वादळ उठले. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीशी शरीरसंबंधासाठी वयाची अट दहा वर्षे होती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीत झालेल्या जखमेने मरण पावली. ती दहा-अकरा वर्षांची, नवरा हरिमोहन मैती पस्तिशीचा. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. निष्काळजीपणाने इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी वयाची अट बारा करणारे विधेयक मांडले. हेच आपल्या इतिहासातले संमतिवयाचे बिल.

दोन वर्षे. दहाचे बारा. एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या आणि वर्तमानपत्रे एकमेकांवर तुटून पडली. विरोधकांचा धार्मिक मुद्दा गर्भाधान संस्काराचा होता: मुलीला प्रथम ऋतू प्राप्त झाल्यावर ठराविक दिवसांत हा संस्कार झालाच पाहिजे, आणि एखादी मुलगी बाराच्या आत ऋतुमती झाली तर नवा कायदा तिच्या नवऱ्याला धर्म पाळल्याबद्दल गुन्हेगार ठरवील. यावर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ग्रंथ उघडले. सूत्रे, स्मृती, टीका चाळून त्यांनी १८९१ मध्ये दाखवून दिले की हा संस्कार पुढे ढकलायला शास्त्रांत जागा आहे. टिळकांनी त्यांना ग्रंथांच्याच आधारे उत्तर दिले. ‘सुधारक’ चालवणाऱ्या आगरकरांचे म्हणणे मात्र वेगळेच होते: शास्त्र काय सांगते हा प्रश्न दुय्यम आहे, मुलीच्या जिवाला काय होते ते पाहा. याच आगरकरांची सनातन्यांनी पुण्यात ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली.

टिळकांना मात्र इथे न्याय दिला पाहिजे. ते बालविवाहाचे भक्त नव्हते. १८९० मध्ये त्यांनीच सुचवले होते की सुधारणेची हौस असणाऱ्यांनी स्वतःला बांधून घ्यावे: मुलीचे लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचे विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर लग्न केलेच तर विधवेशी, हुंडा नाही, विधवेचे केशवपन नाही. सरकारी विधेयक बारा म्हणत होते. टिळकांचा कागद सोळा. त्यांचा आक्षेप परक्या सरकारच्या हाती आमचे घर देण्याला होता. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले होते, त्याची त्यांनी आठवण करून दिली. हा युक्तिवाद मी पोकळ मानत नाही. पण त्याची किंमत कोण मोजत होते? स्वराज्य येईपर्यंत थांबायची तयारी दाखवणाऱ्यांपैकी कुणीही दहा वर्षांची मुलगी नव्हता.

या वादातली मला सर्वांत मोलाची वाटणारी साक्ष पोथ्यांबाहेरची आहे. हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि दवाखान्यात आपल्या हातांखालून गेलेल्या मुलींची प्रकरणे एकेक करून मांडली. वय, जखम, परिणाम. त्यांत ना श्रुती होती ना स्मृती. भांडारकरांचे पांडित्य आणि या बायकांची दवाखान्यातली टिपणे शेजारी ठेवून पाहिली की कळते, कायदा करताना कोणता पुरावा पुरावा मानायचा, इथेच श्रद्धेचा खरा हात असतो. जिथे ग्रंथाचे वचन हाच पुरावा, तिथे जखमेला बोलायला जागा उरत नाही.

विधेयक १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाले. त्याच मार्चमध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्लिदरोच्या प्रसिद्ध खटल्यात सांगितले की वैवाहिक हक्कांचा हुकूम हाती असला तरी नवऱ्याला बायकोला घरात कोंडून ठेवता येणार नाही. तिकडे चर्चचा जुना उपाय मोडकळीला येत होता. इकडे आपण तो आपला धर्म म्हणून छातीशी धरला होता.

पुढची पावले भराभर सांगतो. संमतिवयाचा कायदा जवळजवळ कागदावरच राहिला. १९२३ मध्ये नांदायला न जाण्याबद्दलची कैद दिवाणी प्रक्रिया संहितेतून निघाली, जप्ती राहिली. १९२५ मध्ये पत्नीच्या बाबतीत वयाची अट तेरा झाली. १९२८ मध्ये सरकारने संमतिवयाची समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. जुना कायदा लोकांना ठाऊकच नाही, असे या समितीला आढळले. १९२९ मध्ये सारडा कायद्याने लग्नाचे वय मुलीसाठी चौदा केले. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत देशभर घाईघाईने लहान मुलींची लग्ने उरकली गेली. १९३१ च्या जनगणनेत बालवधूंची संख्या वाढलेली दिसते ती त्यामुळे. १९४९ मध्ये लग्नाचे वय पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. पत्नीच्या संमतीचे वय मात्र पंधरापर्यंत येऊन तिथेच अडकून पडले, ते ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा करेपर्यंत.

एप्रिल १८८७ मध्ये, म्हणजे फॅरन यांच्या हुकमानंतर महिनाभरात, रखमाबाईंचे एक पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले होते. राणीच्या राज्याला पन्नास वर्षे होत होती, आणि त्या निमित्ताने त्यांनी हिंदू कायद्यात एक बदल मागितला होता: मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेले लग्न न्यायालयाने कायदेशीर मानू नये. मुलींच्या लग्नाचे वय पंधरा व्हायला देशाला १९४९ साल उजाडले. तेव्हा त्या पंचाऐंशीच्या घरात होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात घटस्फोट आला, एकपत्नीत्व आले, आणि कलम ९ही आले. रखमाबाईंवर वापरले गेलेले हत्यार स्वतंत्र भारताच्या संसदेने हिंदूंच्या कायद्यात स्वतःच्या हाताने ठेवले.

तिथे ते एकटे नाही. ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ते आहे, पारशांच्या १९३६ च्या कायद्यात आहे, आणि धर्म बाजूला ठेवून लग्न करणाऱ्यांसाठी केलेल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम २२ मध्येही आहे. मुसलमान जोडप्याला साध्या दिवाणी दाव्याने ते मागता येते. समान नागरी कायद्यावर आपण इतकी वर्षे भांडतो आहोत, आणि ही एक गोष्ट केव्हाच समान होऊन बसली आहे. ज्या इंग्लंडातून ती आली, तिथे १९७० मध्ये ती मुळातून रद्द झाली.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी कलम ९ घटनाबाह्य ठरवले. बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय सरकारच्या हाती जातो, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात कलम वैध ठरवले: संसार मोडू नये म्हणून ते आहे आणि हा हक्क विवाहसंस्थेतच सामावलेला आहे. हे वाचताना मला चर्चच्या न्यायालयांची आठवण होते. विवाह टिकलाच पाहिजे ही श्रद्धा तिथेही होती. फरक एवढाच, की आता ती समाजहिताच्या भाषेत बोलते. २०१९ मध्ये या कलमाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान देण्यात आले.

या कलमाची बाजू घेणारे सांगतात की बायकाही असे दावे लावतात, आणि काही संसार त्यामुळे जुळतातही. पहिली गोष्ट खरीच आहे. मुंबईच्या त्या पारशी बाईपासून ती खरी आहे. ज्या बाईला नवऱ्याने वाऱ्यावर सोडले, तिला कधीकधी हेच एक दार दिसते. पण हुकूम झाला आणि वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर तेच घटस्फोटाचे कारण होते. संसार जोडायला केलेल्या कलमाचा उपयोग तो तोडण्याची तयारी म्हणून होतो, आणि पोटगीचे तोंड बंद करण्यासाठी होतो. ज्या दोघांना एकत्र नांदायचे आहे त्यांना न्यायाधीशाचा हुकूम लागत नाही. ज्यांना नांदायचे नाही, त्यांच्या घरात सौख्य हुकमाने येत नाही. संसदेने हे कलम सर्वांच्या कायद्यांतून काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कुठल्याही धर्माचा अपमान नाही.

तोवर, अशी नोटीस तुमच्या घरातल्या, नात्यातल्या, शेजारच्या मुलीच्या हातात पडली, तर तिला पाणी द्या, बसवा आणि आधी एवढे सांगा. नांदायला गेली नाही म्हणून तिला तुरुंगात टाकता येत नाही. ती शिक्षा १९२३ मध्येच गेली. नांदायला जाण्याचा हुकूम झाला तरी तेवढ्याने पोटगी आपोआप बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसे सांगितले आहे. नोटिशीला उत्तर मात्र द्यायलाच हवे, तारखेला हजर राहायलाच हवे, नाहीतर निकाल एकतर्फी होतो. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.